जेट, सेट... बीड?

नऊ सीट, ताशी ८०० किलोमीटरचा वेग आणि लोण्यासारख्या मऊ लेदरच्या खुर्च्या. बिझनेस जेटच्या ब्रोशरमधले आकडे खरेच असतात. फक्त ते कुठून सुरू होतात, हे आधी विचारून घ्यावं. एका बीडकर मुलीनं मांडलेला हा हिशेब.

चपला बाहेर काढायच्या का?

मुंबई विमानतळाच्या एका कोपऱ्यातल्या हँगरमध्ये, बिझनेस जेटच्या पायरीवर एक पाय ठेवून मी हा प्रश्न विचारला, तेव्हा सोबतचे कॅप्टन खळखळून हसले. पण आत डोकावलं आणि वाटलं, माझं काही चुकलं नव्हतं! पायाखाली गालिचा, दोन्ही बाजूंना क्रीम रंगाच्या खुर्च्या, चकचकीत लाकडी कडा, समोरासमोर बसायला क्लबसारखी मांडणी. आमच्या बीडच्या घरातल्या दिवाणखान्यापेक्षा हा दिवाणखाना लांबीला मोठा होता. फक्त त्याला दोन इंजिनं होती!

तुमच्यापैकी अनेकांनी ही विमानं लांबून पाहिलेली असतील. आपण बोर्डिंग पासच्या रांगेत, खांद्यावर लॅपटॉपची बॅग आणि हातात दोनशे रुपयांची कॉफी. काचेपलीकडे एक छोटंसं पांढरं विमान उभं. एक गाडी थेट त्याच्या पायरीपाशी येते, चार माणसं चढतात आणि आपली रांग दहा फूट सरकायच्या आत ते विमान गायब! तेव्हा मनात आलेला प्रश्न तुमचा-माझा सेम असतो: बॉस, आपण कधी?

मी मात्र हँगरमध्ये आणखी एक प्रश्न घेऊन गेले होते. तो पुढे सांगते. आधी या विमानाचा फंडा समजून घेऊ.

मिडसाइज म्हणजे नेमकं काय?

कपड्यांसारखंच आहे हे. स्मॉल, मीडियम, लार्ज. चार-सहा माणसांची लाइट जेट्स सगळ्यात छोटी. खंड ओलांडून जाणारी मोठी जेट्स दुसऱ्या टोकाला. मधली ती मिडसाइज. आठ-नऊ माणसं, तीन-चार हजार किलोमीटरचा पल्ला आणि फार मोठी धावपट्टी न मागणारी.

मी पाहिलं ते सेसना सायटेशन एक्सएलएस प्लस. या घराण्यातलं पहिलं विमान, सायटेशन एक्सेल, २९ फेब्रुवारी १९९६ ला उडालं. म्हणजे त्याचा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच येतो! तेव्हापासून या मालिकेतली हजाराहून जास्त विमानं विकली गेली. बिझनेस जेटच्या दुनियेत हा आकडा म्हणजे सुपरहिट.

झटपट बायोडेटा

• सीट: साधारण नऊ
• जास्तीत जास्त वेग: ताशी सुमारे ८१७ किलोमीटर
• पल्ला: सुमारे ३,९०० किलोमीटर
• कमाल उंची: ४५,००० फूट
• केबिन: उंची १.७३ मीटर, रुंदी १.६८ मीटर, लांबी साडेपाच मीटरच्या थोडी वर
• टेकऑफसाठी लागणारी धावपट्टी: सुमारे १,०८५ मीटर
• उतरायला लागणारं अंतर: सुमारे ९७० मीटर

आता यातली गंमत बघा. केबिनची उंची १.७३ मीटर, म्हणजे पाच फूट आठ इंच. मी आत ताठ उभी राहिले. सहा फुटी फोटोग्राफर मित्राला मान वाकवावी लागली आणि मला विनाकारण आनंद झाला.

४५,००० फुटांचा फायदा असा, की आपली नेहमीची प्रवासी विमानं बहुतेक वेळा याच्या काही हजार फूट खालून जातात. वर ट्रॅफिक कमी आणि बरंचसं हवामान पायाखाली. बाहेर इतकी विरळ हवा असतानाही केबिनमधला दाब असा राखतात, की आत सात हजार फुटांच्या आसपासच्या डोंगरावर बसल्यासारखं वाटावं. त्यामुळे थकवा कमी येतो. हे वाक्य ब्रोशरमध्ये मीटिंगला जाणाऱ्या साहेबांसाठी लिहिलेलं असतं. पण स्ट्रेचरवर झोपलेल्या माणसासाठी त्याचा अर्थ बराच मोठा आहे.

३,९०० किलोमीटरचा पल्ला म्हणजे मुंबईहून दुबई एका दमात, आरामात. पण इथे बारीक अक्षरातली एक अट आहे. टाकी काठोकाठ भरली, तर नऊच्या नऊ सीट भरता येत नाहीत. वजनाची मर्यादा असते. लांब जायचं तर माणसं कमी, माणसं जास्त तर पल्ला कमी. आपल्या काळी-पिवळी जीपचा नियम इथे चालत नाही!

आणि खर्च? इंधनच तासाला साधारण ८०० लिटर. लिटरला पन्नास किलोमीटर देणाऱ्या बाइकमध्ये तेवढं पेट्रोल टाकलं, तर ती पृथ्वीला एक फेरी मारून येईल. त्यावर दोन पायलट, देखभाल, पार्किंग, विमा. म्हणून चार्टरचं बिल तासाच्या हिशेबानं लाखांत येतं. स्वस्तातली एक वाट आहे, तिला या धंद्यात ‘एम्प्टी लेग’ म्हणतात. पाहुण्यांना सोडून विमान रिकामं परत येणार असेल, तर त्या परतीच्या फेरीच्या सीट कमी दरात मिळू शकतात. मुंबईहून भाजी घेऊन जाणारा टेम्पो परत येताना जसा ‘रिटर्न’ भाडं शोधतो, अगदी तसंच.

आता माझा प्रश्न

मे २०१९. मी पुण्यात मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला होते. सकाळी साडेसहाला चुलतभावाचा, दादाचा, फोन आला. बीडला आबाकाका अंगणात पडले होते. मेंदूत रक्तस्राव. तिथल्या डॉक्टरांनी स्कॅन करून स्पष्ट सांगितलं, की ऑपरेशनची तयारी ठेवा आणि मोठ्या ठिकाणी हलवा. दादा हिंजवडीत नोकरीला. त्याच्या ओळखीनं पुण्यातल्या एका न्यूरोसर्जननी पेशंट घ्यायची तयारी दाखवली. प्रश्न एकच होता, आणायचं कसं?

दादाच्या ऑफिसातला एकजण म्हणाला, एअर अॅम्ब्युलन्स बघ. आमच्या घरात आजवर कुणी साध्या विमानातही बसलेलं नव्हतं. पण अशा वेळी माणूस जमीन विकायलाही तयार होतो. काकू फोनवर एवढंच म्हणाल्या, “लागंल तेवढं लागू दे.”

दादानं फोन लावला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, “सर, बीडला एअरपोर्ट आहे का?”

नाही. बीड जिल्ह्यात विमानतळ नाही.

मग दादानं ऑफिसच्या पॅडवर जो हिशेब मांडला, तो कागद अजून त्याच्या कपाटात आहे. बीडहून औरंगाबादचा (आताचं छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळ, साधारण १३० किलोमीटर, अॅम्ब्युलन्सनं अडीच तास. तेवढ्यात विमान मुंबईहून तिथं येऊन थांबणार. स्ट्रेचर गाडीतून विमानात, तपासण्या, परवानग्या, पाऊण तास. उड्डाण, अर्धा तास. पुण्याला उतरल्यावर पुन्हा स्ट्रेचर दुसऱ्या अॅम्ब्युलन्समध्ये, लोहगावहून हॉस्पिटल, ट्रॅफिकसकट तासभर. बेरीज: पावणेपाच तास.

दुसरा पर्याय, बीड ते पुणे थेट रस्त्यानं. साधारण पाच तास.

म्हणजे ताशी ८०० किलोमीटरचं विमान आणि ताशी ६० किलोमीटरची अॅम्ब्युलन्स यांच्यात फरक पंधरा मिनिटांचा! त्यासाठी पेशंटला दोनदा उचलायचं आणि विमान वेळेवर निघेलच अशी आशा धरायची. डॉक्टर म्हणाले, उगाच हलवाहलव नको. आबाकाका रस्त्यानं आले.

ते वाचले. उजवा हात मात्र खांद्याच्या वर जात नाही. विमान अंगणात उतरलं असतं तर तो हात वाचला असता का? मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मीही त्या उत्तरावर थांबले. पण तो पावणेपाच तासांचा कागद डोक्यातून जाईना. त्यात विमानाचा वाटा फक्त अर्ध्या तासाचा होता.

म्हणून मी हँगरमध्ये गेले होते. मला विचारायचं होतं, समजा बीडला धावपट्टी असती, तर हे विमान तिथं उतरलं असतं का?

कळसूबाईवरचं बीड

नकाशावर सरळ रेघ ओढली तर मुंबई ते बीड अंतर जेमतेम ३०० किलोमीटर. एक्सएलएस प्लससाठी हा प्रवास म्हणजे चढणं-उतरणं धरून चाळीसेक मिनिटांचा. ४५,००० फुटांवर जायचा प्रश्नच नाही, तिथं पोचायच्या आत उतरायची वेळ येईल. टेकऑफला १,०८५ मीटर पुरतात, मग बीडजवळ सव्वा किलोमीटरचा सरळ डांबरी पट्टा केला की झालं काम, असा माझा हिशेब होता.

कॅप्टननी मान हलवली. ब्रोशरमधले १,०८५ मीटर कुठले? समुद्रसपाटीवरचे आणि १५ अंश तापमानातले. बीडमध्ये १५ अंश? डिसेंबरच्या पहाटे, आणि तेही नशीब असेल तर!

हा मुद्दा मजेशीर आहे, म्हणून सोपा करून सांगते. पंखांना आणि इंजिनांना दोघांनाही दाट हवा लागते. उंचीवर हवा विरळ असते आणि तापल्यावर आणखी विरळ होते. बीड समुद्रसपाटीपासून पाचशेएक मीटर उंच. मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांवर. या दोन गोष्टी एकत्र केल्या, तर विमानाला बीडची हवा सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या थंड हवेइतकी विरळ लागते. १,६४६ मीटर ही कळसूबाईच्या शिखराची उंची! म्हणजे उन्हाळ्यातल्या दुपारी बीडहून उडणारं विमान जणू महाराष्ट्राच्या सर्वांत उंच टोकावरून, दमलेल्या इंजिनांनी धावायला सुरुवात करतं. साहजिकच धाव लांबते. नाहीतर माणसं किंवा इंधन कमी करा.

उतरण्याचं गणित वेगळं. ९७० मीटर हा आकडा आदर्श परिस्थितीतला. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या जेटसाठी सर्वसाधारण नियम असा, की धावपट्टीच्या ६० टक्के लांबीतच विमान थांबेल असा हिशेब आधी करून निघायचं. उरलेले ४० टक्के चुकांसाठी राखीव. म्हणजे ९७० मीटरसाठी धावपट्टी हवी १,६०० मीटरहून थोडी जास्त. पावसात ओली असेल तर आणखी १५ टक्के वाढवा, साधारण १,८६० मीटर. माझा सव्वा किलोमीटरचा पट्टा तिथल्या तिथे बाद!

आणि नुसता पट्टा असून भागत नाही. रात्री उतरायचं तर दिवे हवेत. ढग खाली आले तर वाट दाखवणारी यंत्रणा हवी. हवामानाची खात्रीची माहिती, कुंपण, अग्निशमनाची गाडी आणि ती चालवणारी जागी माणसं हवीत. १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत मुसळधार पावसात उतरताना एक लिअरजेट ४५ धावपट्टीच्या बाहेर घसरलं आणि मोडलं. आतले आठही जण वाचले. ही मुंबईसारख्या, सगळी यंत्रणा हाताशी असलेल्या विमानतळावरची गोष्ट. आडगावच्या पट्टीवर तसंच घडलं तर पहिला बंब किती वेळात येईल, हाही परफॉर्मन्सचाच भाग आहे. तो ब्रोशरमध्ये छापलेला नसतो, कारण तो विमान बनवणाऱ्याच्या हातात नसतो.

मग हेलिकॉप्टर?

बीडच्या माणसाला आकाशातून येणारं वाहन म्हणजे हेलिकॉप्टरच ठाऊक. निवडणूक आली की मैदानावर चुन्यानं गोल आखायचा, पाण्याचा टँकर फिरवून धूळ बसवायची, आणि अर्धं गाव भाषणापेक्षा ते यंत्र बघायला जमणार. शाळेत असताना आम्हीही तास बुडवून गेलो आहोत. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण जेटपेक्षा ते बरंच हळू, आणि रात्र व ढग यांच्यापुढे जास्त हतबल. पेशंटसाठी ते कामाचं आहेच. फक्त तेही बोलावल्याबरोबर हजर होईल असं नाही.

शेजारच्या लातूरला दोन किलोमीटरहून लांब धावपट्टी आहे, पण तिथली नियमित प्रवासी सेवा टिकली नाही. म्हणजे नुसता पट्टा बांधून भागत नाही, रोजच्या वापरानं तो जिवंत ठेवावा लागतो. हे कुठल्याही रस्त्यासारखंच आहे म्हणा.

नागपूरचं फाल्कन, बीडची रेल्वे

याच राज्यातली दुसरी गोष्ट ऐका. जून २०२५ मध्ये पॅरिस एअर शोमध्ये फ्रान्सची दसॉ एव्हिएशन आणि रिलायन्स एअरोस्ट्रक्चर यांनी जाहीर केलं, की फाल्कन २००० एलएक्सएस हे बिझनेस जेट नागपूरच्या मिहानमध्ये जोडलं जाईल. फ्रान्सबाहेर फाल्कनची अशी पूर्ण जोडणी पहिल्यांदाच. पहिलं नागपुरी विमान २०२८ पर्यंत उडवायचा त्यांचा बेत आहे. एक्सएलएसपेक्षा हे एक पायरी वरचं. आठ ते दहा माणसं, सुमारे ७,४०० किलोमीटरचा पल्ला आणि १.८८ मीटर उंच केबिन. माझ्या फोटोग्राफर मित्राची मान सुटली! या विमानाचे काही भाग तर नागपुरात आधीपासूनच बनत होते.

आणि त्याच वर्षी, १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी रेल्वे सुटली. २६१ किलोमीटरच्या अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाची वाट बघण्यात आमच्या दोन पिढ्या गेल्या. माझ्या वडिलांनी नोकरीला लागल्यावर ऐकलेली बातमी, मी नोकरी सोडून फ्रीलान्स झाल्यावर खरी झाली. त्या दिवशी बीड स्टेशनवर लोकांनी सेल्फी काढले, त्याला कुणी हसू नये. ज्यांच्या गावात रेल्वे आधीपासून आहे, त्यांना ती दिसत नाही.

एकाच वर्षात एका टोकाला जेट जोडायची घोषणा आणि दुसऱ्या टोकाला पहिल्या रेल्वेची शिट्टी. मला यात रडगाणं गायचं नाही. नागपूरच्या जेटचा मला अभिमानच वाटतो. पण आपण शहरातले लोक वेगाचे आकडे फार पटकन पाठ करतो. कारचा पिकअप, इंटरनेटचा स्पीड, जेटचा क्रूझ. त्या पिकअपला रस्ता किती आहे, हे विसरतो.

जाता जाता

हँगरमधून निघताना मी शेवटच्या सीटवर दोन मिनिटं बसून घेतलं. खरं सांगते, सही वाटतं! खिडकीला टेकून डोळे मिटले तर ईएमआय, अप्रेझल, वाकडचा सिग्नल, सगळं विसरायला होतं. तुम्हाला कधी एम्प्टी लेग परवडला, तर जरूर जा. तिकिटाआधी दोनच प्रश्न विचारा. एक, विमान उतरतं कुठे? दोन, तिथून मला जायचंय ते ठिकाण किती लांब? या दोन उत्तरांची बेरीज म्हणजे तुमच्या विमानाचा खरा वेग.

दिवाळीत बीडला गेले तेव्हा आबाकाकांना फोटो दाखवले. संध्याकाळ होती. ते गच्चीत खाटेवर बसले होते, डाव्या हातात चहाची बशी. फोटो त्यांनी नीट, एकेक करून बघितले. लेदरच्या खुर्च्या, लाकडी कडा, ती छोटी गोल खिडकी. वर आकाशात, खूप उंचावरून, एक पांढरी रेघ हैदराबादच्या दिशेनं चालली होती. ते तिच्याकडे बघत म्हणाले, “माय, हे खाली कुठं उतरतंय म्हणायचं?”

“आपल्याकडं नाही आबा. संभाजीनगरला.”

त्यांनी मान डोलावली. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला आणि म्हणाले, “आगगाडीचं बी असंच म्हणायचे.”